चुकायला शिकलेला नावाडी

रूसे बंदरावर क्रेन चालवायचा तेव्हा यासेनला अख्खी दान्यूब नदी वरून दिसायची. पुढे काचबिंदूने त्याच्या डोळ्यांतला उजेड कडेकडेने खात नेला. पंचेचाळिशीला पोचेपर्यंत दिवस आहे की रात्र एवढंच कळायचं. नोकरी गेली, पेन्शन लागली, आणि मोठी बहीण रुम्याना त्याला आपल्या घरी घेऊन आली. ती बेकरीत कामाला होती, नवरा वारलेला, मुलं परदेशात. घरात माणूस आलं याचं तिला बरंच वाटलं. पण यासेनचा ताठा तिला सोसेना.

"काठी घे रे बाबा हातात. सगळे घेतात," ती म्हणायची.

"म्हातारा झालो की घेईन, ताई."

"म्हातारं व्हायला आधी जगावं लागतं. काल ट्रॉलीबसखाली जाणार होतास!"

"मला आवाज आला होता तिचा."

"तुला नाही, ड्रायव्हरला माझी किंकाळी ऐकू आली होती!"

पांढरी काठी म्हणजे आंधळेपणाची गावभर दवंडी, असं यासेनला वाटायचं. त्यापेक्षा घराबाहेर न पडलेलं बरं. दिवसभर तो संगणकापुढे बसायचा. लिहिलेलं वाचून दाखवणारा एक सपाट आवाज त्यात होता, आणि त्या आवाजातून त्याला एक खेळ सापडला होता.

खेळात चित्र नावालाही नाही. सगळा कारभार शब्दांचा. जुन्या काळातलं एक राज्य, त्यात म्रेना नावाची नदी, तिच्या काठची गावं. तुम्ही एक माणूस व्हायचं आणि तो काय करतो, काय बोलतो ते लिहायचं. बाकीचे खेळाडू ते वाचतात आणि आपल्या माणसाच्या तोंडून उत्तर देतात. तिथे आंधळा आणि डोळस यांत फरकच नव्हता.

यासेन तिथे गोराझ्द नावाचा नावाडी होता. आता या खेळात राक्षस मारून कौशल्य वाढत नसे. एक पायरी वर जायचं तर त्या विद्येतला गुरू गाठायचा, त्याच्यासोबत प्रसंग रंगवायचा. खेळ चालवणारी मंडळी तो वाचायची आणि माणूस खरंच काही शिकला का ते ठरवायची. गोराझ्दचं सुकाणूचं कौशल्य मात्र कित्येक महिने होतं तिथेच अडकलं होतं. प्रत्येक वेळी यासेन झोकात लिहायचा, 'गोराझ्द हसत हसत नाव भोवऱ्यातून बाहेर काढतो.' आणि प्रत्येक वेळी नकार यायचा.

त्याची गुरू होती म्हातारी वेल्का. ते पात्र चालवणारी देनित्सा दोब्रिच नावाच्या शहरात एका बालवाडीत स्वयंपाक करायची. एका दुपारी यासेनने तिला खेळाबाहेर निरोप टाकला, "या लोकांना माझं काय खुपतंय?"

"तुझा नावाडी कधी चुकतच नाही," तिने लिहिलं.

"चुकला तर त्याला वर कोण चढवेल?"

"अरे वेड्या, ज्याला सगळं येतं त्याला मी शिकवू काय? त्याच्या शेजारी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसू?"

यासेनला राग आला. दोन दिवस तो खेळाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र जेवण उरकून तो पुन्हा बसला. त्या दिवशी म्रेनेवर धुकं होतं. नावेत मिठाचा एक व्यापारी, माहेरी निघालेली एक गरोदर बाई आणि टोकाला वेल्का. तिघांच्या मागे तीन खरी माणसं.

"पुढे वाळूचा उंचवटा आहे म्हणतात," वेल्का म्हणाली. "दिसतो का रे?"

यासेनची बोटं कळफलकावर थांबली. नेहमीचं झोकदार वाक्य तयारच होतं. ते त्याने लिहिलं नाही. त्याने लिहिलं, 'गोराझ्दला काहीच दिसत नाही. पण तो मान डोलावतो.'

नाव वाळूवर चढली. मिठाची पोती पाण्यात गेली. व्यापाऱ्याने गोराझ्दच्या सात पिढ्या उद्धरल्या. बाई पोटाशी हात धरून रडायला लागली. यासेन ऐकत होता. सपाट आवाज एकेक वाक्य वाचत होता, आणि त्याचे कान तापले होते.

"दिसत नव्हतं तर विचारलं का नाहीस?" वेल्काने विचारलं.

त्याने उत्तर दिलं, "लाज वाटली, आजी."

"बरं. ती आता मिठासोबत वाहून गेली. पुढे जायचं कसं ते बोल."

मग गोराझ्दने नाव ढकलून वाळूवरून उतरवली आणि व्यापाऱ्याची माफी मागितली. तळ चाचपायला एक लांब काठी त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "तुम्ही पुढे उभे राहा. पाणी किती खोल ते ओरडून सांगत राहा. मी तुमच्या आवाजावर सुकाणू धरतो." व्यापारी शिव्या घालत उभा राहिला. "छातीभर! कमरेभर! डावीकडे घे, गाढवा!" असं करत करत नाव काठाला लागली.

थोड्या वेळाने सपाट आवाजाने वाचलं, 'तुमचं सुकाणूचं कौशल्य एक पायरी वाढलं.' यासेन इतक्या मोठ्याने हसला की रुम्याना पीठ लागलेल्या हातांनी धावत आली.

"काय झालं?"

"नाव बुडवली, ताई."

"आणि हसतोस?"

त्याने तिला सगळं सांगितलं. तिला अर्धंच कळलं. पण 'लाज वाटली' हे वाक्य तिने दोनदा वदवून घेतलं आणि पदराशी चाळा करावा तसा एप्रनचा काठ चुरगाळत बसली. त्याच आठवड्यात यासेन अंध संघटनेत काठी घेऊन चालण्याच्या शिकवणीला जाऊ लागला. पहिल्याच दिवशी एका कॅफेच्या टेबलावर आपटला आणि कुणाची तरी कॉफी सांडली. त्याने माफी मागितली, मग त्याच माणसाला बसथांबा कुठे ते विचारलं. तो माणूस थांब्यापर्यंत सोबत आला, आणि रस्ताभर त्याने स्वतःच्या गुडघ्याची रडगाणी ऐकवली.

पुढल्या वर्षी देनित्साने स्पेनला नोकरी धरली. खेळायला वेळ मिळणार नव्हता. जाण्याआधी तिने एक शेवटचा प्रसंग मागितला. वेल्काला नदीपलीकडे, लेकीच्या गावी सोडायचं. त्या संध्याकाळी रुम्यानाही खुर्ची ओढून शेजारी ऐकत बसली. प्रवासात फारसं काही घडलं नाही. वेल्काने शिदोरी सोडली, पाण्यात हात घातला, गोराझ्दला म्हणाली, "आता तुझ्याकडे कुणी शिकायला आलं तर फार गोड बोलू नकोस."

"तुमच्याकडून गोड बोलणं शिकलोच कुठे?"

ती उतरली. 'म्हातारी वेल्का चढण चढून जाते,' आवाजाने वाचलं.

"गेली?" रुम्यानाने हळूच विचारलं.

"गेली."

"चांगली बाई होती रे," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.