न दिसणारी गळती

डोळ्यांना दिसत नाही ते जगातच नाही, असं मानून सत्तरी गाठलेला माणूस आमच्या मावसांखेरीज मी पाहिलेला नाही. शहाद्याच्या बाजारात मिरची घेताना ते ती मोडून आतलं बी बघत. नातीच्या होणाऱ्या सासरचे म्हणाले, आमच्या विहिरीला बारमाही पाणी आहे. मावसा सुपारी फुटायच्या आधी धानोऱ्याला गेले, विहिरीच्या पायऱ्या उतरले आणि ओल्या पायांनीच बैठकीत येऊन होकार दिला.

अशा माणसाच्या लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन निघालं. साखरेचा आजार जुना, म्हणून डॉक्टर मॅडमनी तपासणी करायला लावली होती. मी सोबत गेलो होतो. रिपोर्ट ऐकून मावसा खुर्चीत ताठ झाले.

"पानी कसं चोख्खं व्हतं. तेमा काहीच दिखत नव्हतं," ते म्हणाले. "मांगला साल तं काहीच निंघनं नव्हतं."

"बाबा, ती साधी तपासणी होती. प्रथिनं बरीच गेली तरच तिच्यात कळतं," मॅडम म्हणाल्या. "ही थोडीशीही पकडते. किडनीची गाळणी झिरपायला लागली, तरी सुरुवातीला सूज येत नाही, दुखत नाही. आत्ता कळलं ते बरंच."

"माले ताप व्हता," मावसांनी हुकमाचं पान टाकलं.

मॅडमनी ते मान्य केलं. तापातही आकडा वाढतो, एका रिपोर्टवर काही ठरवायचं नसतं, बरे झालात की पुन्हा बघू, म्हणाल्या. मावसा फड जिंकल्यासारखे घरी आले आणि जेवताना लोणच्याची आणखी एक फोड मागून घेतली.

पण पुढच्या दोन्ही वेळा आकडा वाढलेलाच आला, अंगात ताप नसताना. तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. रक्तदाबाची, किडनीला जपणारी गोळी सुरू झाली, लोणचं बंद झालं, गुडघ्यांसाठी मनानेच घ्यायचे त्या दुखण्याच्या गोळ्या मॅडमनी सोडायला लावल्या. काही महिन्यांनी आकडा खाली आला. मी ओसरीवर रिपोर्ट वाचून दाखवला. मला वाटलं, खूश होतील.

त्यांचे थोरले भाऊ डायलिसिसवर असताना गेले. नंदुरबारला त्यांना घेऊन जायचे ते मावसाच.

"भाऊले बी साखर व्हती," ते रिपोर्टची घडी घालत म्हणाले. "त्याले ही तपासनी कोनी सांगी नही."

मग त्यांनी मावशीला हाक मारली. साखर तिलाही आहे. "चाल, तुन्ही बी तपासी लेऊत."

"माले काय व्हयेल शे?" मावशी पदराला हात पुसत बाहेर आली.

मावसांनी तिच्या चपला उंबऱ्याशी सरळ करून ठेवल्या आणि रिक्षा बघायला रस्त्यावर गेले.