तलवारीशेजारचे ग्लोव्हज

वसुंधरा निवृत्त झाली ही बातमी तिला स्वतःला सगळ्यात शेवटी कळली, आणि तीही मंडळाच्या व्यासपीठावर, अंगावर शाल पडल्यानंतर.

दांडिया बाजारातल्या मंडळाने गणपतीत तिचा सत्कार ठेवला होता. मुष्टियुद्धातली राज्य विजेती आपल्या आळीत सून म्हणून आली, याचं मंडळींना कोण कौतुक. सासरे जयवंतराव शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन घरी बसलेले. माईक हातात आला की त्यांना सोडवत नसे. "आमच्या सूनबाईंनी आता संसाराकडे लक्ष द्यायचं ठरवलंय. रिंगणाला रामराम," असं त्यांनी ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. वसुंधरेने नवऱ्याकडे पाहिलं, तर नंदूही टाळ्या वाजवत होता.

आणि तिने काय केलं, तर हातातला नारळ सावरत सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. भर सभेत वडीलधाऱ्यांना खोटं पाडायचं नाही, हे आपल्याकडे बाळकडूतच मिळतं. समोरच्या पोरींना एका ठोशात लोळवणारी ही बाई, पण "मी असं काही ठरवलेलं नाही" एवढं एक वाक्य तिच्या तोंडून फुटलं नाही. तो राग मग तिच्या पोटात मुरत राहिला. अर्धा सासऱ्यांवरचा, अर्धा स्वतःवरचा.

तिचे ग्लोव्हज दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात गेले, जयवंतरावांच्या आजोबांच्या तलवारीशेजारी. आजोबा गायकवाडी सरकारात शिलेदार होते, हे पाहुण्याला चहाच्या आधी ऐकावं लागे. खंडेनवमीला चौरंगावर पूजा मांडली जाई: तलवार, सासूबाईंची विळी, नंदूचा लॅपटॉप आणि ग्लोव्हज. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ. दसरा झाला की विळी स्वयंपाकघरात जाई, लॅपटॉप ऑफिसला जाई. तलवार आणि ग्लोव्हज तेवढे परत कपाटात. तलवारीचा धनी जाऊन कैक वर्षं झाली होती. ग्लोव्हजची धनीण तिथेच, पलीकडच्या खोलीत, पोळ्या लाटत होती. हे त्या शिकल्यासवरल्या घरात एकालाही विचित्र वाटू नये, याचा तिला संताप येई.

अशा दोन खंडेनवम्या तिने गिळल्या. तिसऱ्या वर्षी बाजारात सुभानराव भेटले, तिचे जुने गुरू. दिवसा मकरपुऱ्याच्या कारखान्यात लेथ चालवायचे आणि संध्याकाळी समा भागातल्या एका हॉलमध्ये मुलींना मुष्टियुद्ध शिकवायचे. "डिसेंबरात राज्य स्पर्धा आहे," ते म्हणाले. "यायचं तर ये. नाहीतर माझ्यासमोर उसासे टाकू नकोस."

दसऱ्याच्या सकाळी तिने चौरंगावरचे ग्लोव्हज उचलले आणि माळ बाजूला काढून ठेवली.

"अगं, पूजेतली वस्तू आहे ती," जयवंतराव म्हणाले.

"विळीचीही पूजा केलीत. आईंनी आत्ताच तिच्यावर भोपळा चिरला."

ग्लोव्हज पिशवीत टाकून ती सरावाला गेली.

ग्लोव्हजचं कातडं वाळून कडक झालं होतं, शिवणीत कुंकू बसलं होतं. पहिल्याच दिवशी समोरच्या मुलीचा गाल लालभडक झाला, आणि रक्त समजून सुभानरावांनी धावत येऊन लढत थांबवली. कुंकू आहे म्हटल्यावर सगळा हॉल हसला. वसुंधरेला हसू आलं नाही. तिने ग्लोव्हज ओल्या फडक्याने खसाखसा पुसले आणि पुन्हा उभी राहिली.

डिसेंबरात ती पहिल्याच फेरीत हरली. समोरची पोर वयाने लहान, पायांनी चपळ. डोळा सुजवून घरी आली तेव्हा जयवंतराव जणू वाटच पाहत होते. त्यांनी कपाट उघडलं, तलवार थोडी सरकवून जागा केली आणि हात पुढे केला.

"हौस फिटली ना? दे इकडे."

"हरले मी, बाबा," वसुंधरा म्हणाली. "पण त्या पोरीने मला समोर उभं राहून हरवलं. मलाही हात उचलता येत होता. त्या गणपतीत तुम्ही मला हात बांधून हरवलंत, वर शाल घातलीत. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जाईल असं मी म्हणणारही नाही."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"मला विचारलं होतंत?"

नंदू काहीतरी बोलायला उठला आणि तिचा चेहरा पाहून खाली बसला.

ती ग्लोव्हज घेऊन गॅलरीत गेली. घामाने चिंब झालेले ते तिने रस्त्यावरून दिसतील असे दोरीवर अडकवले. समोरच्या गॅलरीतून रमीलाबेननी तिचा डोळा पाहिला आणि हळहळून, आता तरी आराम ना, असं आपल्या गुजरातीत विचारलं, "वसुबेन, हवे तो आराम ने?"

"नाही, रमीलाबेन. सोमवारपासून पुन्हा सराव," वसुंधरा म्हणाली. माईक नव्हता, पण खाली पानाच्या गादीवरच्या माणसांनीही माना वर केल्या. आत जयवंतराव अजून उघड्या कपाटासमोर उभे होते. मग त्यांनी तलवार सरकवून पुन्हा मधोमध ठेवली आणि काच लावून घेतली.