यादीतली सोळावी

“फी माफ, वर हजेरीपण माफ पाहिजे का तुला? अजून काय काय माफ करू सांग! परीक्षा माफ करू?”

आमच्या डिपार्टमेंटचे एचओडी सर ओरडत होते. सरांचा आवाज म्हणजे साधा आवाज नाही. ते तिसऱ्या मजल्यावर ओरडले की खाली पार्किंगमधल्या बुलेटचे हॉर्न आपोआप वाजतात, आणि चाकण एमआयडीसीत शिफ्ट सुटली समजून लोक डबे उचलतात. मी वाढवून सांगते अशी माझी ख्याती आहे. पण त्या दिवशी तिथं साक्षीदार होते. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष अख्खं नोटीस बोर्डासमोर उभं होतं. सत्तर पोरं, आम्ही चार मुली. बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट. ज्यांची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली, ज्यांना परीक्षेला बसता येणार नाही, ज्यांचं वर्ष जाणार, त्यांची.

त्यात मी.

मी एवढंच म्हटलं होतं, “सर, मी वर्कशॉपमध्ये होते.”

सरांनी यादीवर बोट ठेवून माझं नाव वाचलं. मग आडनाव वाचलं. मग आडनाव परत वाचलं. आडनाव परत वाचलं की पुढं काय येतं, ते मला पहिलीपासून पाठ आहे. आलंच. फी माफ, हजेरी माफ.

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. माझ्या प्रोजेक्ट ग्रुपमधले तिघेही हसले. त्या तिघांची जर्नलं तेव्हा माझ्या बॅगेत होती. मीच लिहिलेली.

“उद्या वडिलांना घेऊन ये. माफीनामा लिहून द्यायचा. नाहीतर वर्ष गेलं समज.”

वर्ष गेलं म्हणजे काय, ते सरांना सांगून उपयोग नव्हता. आमच्या घरात वर्ष गेलं की स्कॉलरशिप जाते. स्कॉलरशिप गेली की कॉलेज जातं. मग चाकणच्या कुठल्यातरी लाइनवर वायर हार्नेस, म्हणजे गाड्यांच्या वायरींच्या जुड्या, बांधत उभं राहायचं. आमच्या गल्लीतल्या चौघी उभ्या आहेत. त्यातल्या दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या.

आता मी वर्गात का नव्हते, ते सांगते.

माझा दिवस चोवीस तासांचा नव्हता. चाळीसचा तरी असेल. पिंपळे गुरववरून बस. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये मी अख्खं थर्मोडायनॅमिक्स दोन वेळा संपवलं. एकदा तर बस इतका वेळ एका जागी होती की शेजारच्या पडीक जागेत बिल्डिंग उभी राहून लोक राहायला आले. कॉलेजात पोचलं की टेक्निकल सोसायटीच्या कार्यक्रमाची पत्रकं. दुपारी एनएसएसच्या शिबिराचा अहवाल. मधे प्रोजेक्ट. प्रोजेक्टला आम्ही चौघं, म्हणजे मी एकटी आणि तीन सह्या. आणि या सगळ्यावर गाडी.

आमच्या कॉलेजची एक टीम दरवर्षी स्पर्धेसाठी गाडी बनवते. खड्ड्याखुड्ड्यांतून उडणारी, पाइपांच्या सांगाड्याची. मला टीममध्ये घेतलं ते डॉक्युमेंटेशनला. मुलींना तेच देतात. मुलींचं अक्षर चांगलं असतं म्हणे. टाइप करायला अक्षर कशाला लागतं, हे मी विचारलं नाही. तेव्हा मी फार गोष्टी विचारत नव्हते.

पण झालं काय, कॅप्टननं जोडलेल्या एका पाइपवर वर्कशॉप सांभाळणाऱ्या मामांनी चहाचा कप ठेवला. जॉइंट निखळला. कप फुटला. मामा कॅप्टनकडे बघून म्हणाले, “राव, तुम्ही हे फेविकॉलनं चिकटवलंत का?” कॅप्टन हसला नाही. त्याच्या वडिलांचं चाकणला युनिट आहे, गाडीचे पाइप तिथूनच आलेले. त्याला दुसऱ्यांवर हसायची सवय होती, स्वतःवर नव्हती.

मी वेल्डिंगचं हेल्मेट उचललं.

माझे बाबा भोसरीत फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये वेल्डर आहेत. दहावीच्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचे. डबा द्यायला जायचे आणि दोन तास तिथंच राहायचे. बाबांनी मला वेल्डिंगचा होल्डर धरायला शिकवलं, जशी दुसऱ्यांच्या बापांनी स्कूटी शिकवली असेल. “हात थरथरला तं लोखंडाला कळतंय,” म्हणायचे. माझा हात थरथरत नाही. मी जोडलेल्या पाइपवर हत्ती नाचवा. एक सोडून दोन नाचवा, पीएमटीत बसवून आणा.

गाडीचा सांगाडा मी जोडला. सगळा. कॅप्टन बाजूला उभा राहून व्हिडिओ काढायचा. व्हिडिओत हेल्मेट घातलेलं कोण ते दिसत नाही. सोयीचं.

सांगाडा पूर्ण झाला तेव्हा एका कंपनीचे मोठे साहेब पाहुणे म्हणून आले. मला साडी नेसून यायला सांगितलं. मी नेसले. फुलांचं ताट धरून दारात उभी राहिले. साहेबांनी विचारलं, “वेल्डिंग कोणी केलं? उत्तम आहे.” कॅप्टन म्हणाला, “आमच्या टीमनं, सर.” साहेब फुलं घ्यायला माझ्यासमोर आले. त्यांना माझ्या हातावरचे ठिणग्यांचे काळे ठिपके दिसले. हसून म्हणाले, “स्वयंपाक करते वाटतं घरी.”

मी हो म्हटलं.

ते हो अजून माझ्या घशात आहे.

आणि त्याहून मोठा गाढवपणा पुढं आहे. तो मी स्वतःच्या हातानं केला. टाइप करून.

टीममधल्या पोरांचे वर्कशॉपमध्ये गेलेले तास हजेरीत धरायचे, तर त्यासाठी एचओडी सरांच्या सहीचं पत्र लागतं. त्यात नावांची यादी. यादी करायचं काम डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे माझं. मी सोळा नावं टाइप केली. पहिलं कॅप्टनचं. सातवं त्याच्या मावसभावाचं, जो गाडीजवळ फक्त फोटो काढायला यायचा. मग बाकीचे. शेवटचं माझं.

कोणी सांगितलं नव्हतं शेवटी टाक म्हणून. आमची आई सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरलेलं जेवते. तिला कोणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. माझ्या बोटांनी तेच केलं. सगळ्यांना वाढलं, मग स्वतःचं ताट घेतलं.

सरांनी कॅप्टनला सांगितलं, पंधरापेक्षा जास्त नावं नकोत. कॅप्टननं शेवटची ओळ उडवली. एवढं सोपं.

हे मला कळलं लिस्ट लागल्यावर. मी कँटीनमध्ये जाऊन त्याला विचारलं. वडापाव खाता खाता तो म्हणाला, “अगं, शेवटचं नाव होतं ना, म्हणून गेलं. आणि तू तर डॉक्युमेंटेशनला. तू करशील गं ॲडजस्ट.” मावसभाऊ शेजारीच बसला होता. सातवा. हजेरी एकोणऐंशी टक्के.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. अर्धी सुट्टी टाकून, शॉपमधून तसेच. शर्टाच्या बाहीला जळलेली भोकं. केबिनमध्ये दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. सर बसा म्हणाले नाहीत. बाबा उभे. मी उभी. खुर्च्या आरामात बसलेल्या.

“मुलगी कॉलेजच्या नावाखाली कुठं हिंडते, लक्ष आहे का तुमचं?” सर म्हणाले.

“न्हाई सायेब, ती…”

“लिहून द्या.” सरांनी कागद सरकवला. मजकूर आधीच तयार होता. माझी मुलगी विनाकारण गैरहजर राहिली. यापुढे असे होणार नाही. क्षमस्व.

बाबांनी ओळीखाली बोट फिरवत वाचलं. माझे बाबा सात मजली टाकीच्या माथ्यावर दोरीला लटकून वेल्डिंग करतात. बरं, चार मजली असेल. पण तिथं त्यांचा हात हलत नाही. त्या केबिनमध्ये हलत होता. त्यांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं.

“सही कुठं करू, सायेब?”

हेच. हेच ते वाक्य. नोटीस बोर्डासमोर सत्तर पोरं हसली ते मी गिळलं होतं. फुलांचं ताट गिळलं. कँटीनमधलं ॲडजस्ट गिळलं. ‘सही कुठं करू, सायेब’ मला गिळता आलं नाही. विनाकारण म्हणे. कारण खिडकीतून खाली दिसत होतं. चार चाकांवर उभं होतं. निळा रंग मारलेलं.

मी कागदावर हात ठेवला. पूर्ण पंजा.

“बाबा, पेन ठेवा.”

“अगं पर वर्ष…”

“ठेवा बाबा.”

सर उभे राहिले. “तुला कळतंय का काय करतेस?”

“कळतंय, सर. मी गैरहजर नव्हते. मी गाडी जोडत होते. माफी लिहिणार नाही. अर्ज लिहीन.”

सर काय काय बोलले, ते मी सांगत नाही. आडनाव तीनदा आलं एवढं पुरे. बाबा मधे एकदा “सायेब, लेकराचं नुकसान करू नका” म्हणाले.

बाहेर आल्यावर बाबा जिना उतरले आणि थेट गाडीपाशी गेले. वाकले. ड्रायव्हरच्या सीटमागच्या वळणावर, जिथं तीन पाइप एकत्र येतात, तिथं त्यांनी अंगठा फिरवला. एकदा. परत एकदा.

“ही तुझीये,” म्हणाले.

विचारलं नाही. सांगितलं.

मग मामांकडे गेलो. वर्कशॉपच्या दाराशी एक रजिस्टर असतं. आत जाताना वेळ नि सही, बाहेर येताना वेळ नि सही. मामांनी ते काढून दिलं. माझ्या सह्या पानोपानी. कॅप्टनच्या तुरळक. सातव्याची एक, तीही चुकीच्या तारखेला. मी सगळ्या पानांची झेरॉक्स काढली, अर्जाला लावली, ऑफिसात आवक शिक्का मारून घेतला. क्लार्क म्हणाली, “सर बघतील गं.” अर्ज सरांच्या टेबलावर गेला आणि तिथंच राहिला. त्यावर पेपरवेट ठेवलेलं मी दारातून रोज पाहायचे.

सर बघत नव्हते, म्हणून मी हिशेब मांडला. बोर्डावरची यादी अजून कच्ची होती, पक्की टर्म संपल्यावर लागते. टर्म संपेपर्यंत उरलेल्या एकूण एक लेक्चरला बसले, एकही न चुकवता, तर पंचाहत्तर होतात. शहात्तर नाही. पंचाहत्तर. ताप आला तरी बसायचं, बस बंद पडली तरी चालत यायचं.

त्याच संध्याकाळी मी सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. टीम, सोसायटी, एनएसएस, प्रोजेक्ट, स्वागत समिती, आणि एक असा ग्रुप की तो कशाचा आहे हेच मला माहीत नव्हतं, पण त्याचीही पत्रकं मीच करत होते. तिघांची पुढची जर्नलं कोरीच परत केली. त्यांच्यातला एक म्हणाला, “अगं, मग आमची लिहायची कोणी?” खरंच असंच म्हणाला. शप्पथ.

माझं ठरलं. जिथं माझं नाव नाही, तिथं माझा हात नाही. आणि जी यादी मी करीन, तिच्यात मी पहिली. कोणाला उद्धट वाटलं तर वाटू दे.

मी पहिल्या बाकावर बसायला लागले. बाकी लोक म्हणायचे, डिफॉल्टर आली. मी म्हणायचे, “प्रेझेंट, सर.” इतक्या मोठ्यानं म्हणायचे की शिकवणाऱ्या सरांच्या चष्म्याच्या काचा हलायच्या. हे मात्र खरं नाही. पण सर दचकायचे, ते खरं.

तीन आठवडे गेले. एकही लेक्चर चुकलं नाही.

मग एका दुपारी बसमध्ये फोन वाजला. एचओडी सर. सरांनी मला आयुष्यात फोन केला नव्हता. आवाज इतका मऊ की मला वाटलं दुसऱ्याच कुणाच्या घरचा फोन लागला.

“बेटा,” सर म्हणाले.

बेटा!

“उद्या स्पर्धेत गाडीची तपासणी आहे. ज्यानं वेल्डिंग केलं त्याला त्यांच्यासमोर एक नमुना जोडून दाखवावा लागतो. बाहेरचा माणूस चालत नाही, विद्यार्थीच पाहिजे. कॅप्टननं इथं करून बघितला, पण जॉइंट टिकला नाही. तू सकाळी सातला टीमच्या बसमध्ये ये.”

“सर, टीममध्ये माझं नाव कुठंय?”

“घालू ना. उद्याच्या दिवसाचं पत्र देतो तुला.”

“आणि मागच्या तासांचं? माझा अर्ज तुमच्या टेबलावर आहे.”

“ते नंतर बघू गं. आत्ता कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे. आणि गाडी तुझीच आहे ना, बेटा?”

पहिल्यांदा म्हणाले. गाडी तुझीच.

होतीच. ती सीटमागची तीन पाइपांची जागा डोळ्यांसमोर आली, बाबांचा अंगठा तिच्यावरून फिरत होता. तपासणीत अडली तर गाडी धावणार नव्हती. मी जोडलेली एकमेव गाडी. एका दिवसाचं पत्र घेऊन मी गेले असते तर ती धावली असती, स्पर्धेचा कप कॅप्टननं उचलला असता, आणि मी त्याच्या मागे ताट धरून उभी राहिले असते. परत.

“हॅलो? ऐकतेस ना? सातला ये.”

“सर, उद्या नऊला माझं लेक्चर आहे.”