गाभण आहे, साहेब!

जनावरांवर जीव लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण जनावर दिसलं की स्वतःचं नाव, गाव, काम सगळं विसरून जाणारा माणूस देवानं एकच घडवला, आणि तो माझा धाकटा दीर म्हणून आमच्या घरी पाठवला. भावजी फौजेत भरती झाले तेव्हा घरात बंदुकीची भीती कुणालाच वाटली नाही. भीती ही, की शत्रू घोड्यावर बसून आला तर हे आधी घोड्याचे खूर तपासत बसतील. उगाच वाढवून सांगत नाही. माझ्या नणंदेच्या लग्नात नवरदेवाची घोडी त्यांनी वेशीतच थांबवली, तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि खुरात रुतलेला खडा काढत बसले. वाजंत्रीवाले वाजवून दमले, मुहूर्त टळायला आला, व्याही लालबुंद झाले. तर हे मान वर न करता म्हणतात, "नवरा थांबंल हो दोन घडी. घोडी लंगडी झाली तर तिला कोण बघंल?" फुलंब्रीहून औरंगाबादला एसटीनं निघाले तर शेजारणीच्या पिशवीतल्या कोंबडीला ऊन लागू नये म्हणून स्वतः उन्हाच्या बाजूला सरकून बसायचे. शेजारणीला वाटायचं, माणूस लई सज्जन आहे. सज्जन होतेच म्हणा, पण ती सावली कोंबडीसाठी होती.

अशा माणसाला सरकारनं नेऊन टाकलं कुठं, तर अंदमानला. आमच्या गावात विहिरीपेक्षा जास्त पाणी कुणी बघितलेलं नव्हतं. पहिल्याच पत्रात भावजींनी समुद्राचं वर्णन एका ओळीत आटपलं होतं: "इथं पाणी लई आहे, पण खारं आहे, जनावराला पाजायच्या कामाचं नाय."

पत्र आलं की ते ओसरीत सगळ्यांसमोर वाचलं जायचं, आणि वाचायचे मी. मी शाळेत गेले नव्हते, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचूनच मला अक्षरं लागली. पण घरात मराठी वाचणारी तेवढी मीच. मामंजी शिकलेले होते, पण निजामाच्या राज्यात, उर्दूतून. मराठी कागद पुढं आला की ते चष्मा पुसत बसायचे. आता अशा भर ओसरीत, आईबापांच्या कानावर पडणाऱ्या पत्रात, नवऱ्यानं बायकोची विचारपूस करायची म्हणजे निर्लज्जपणाच. त्यामुळं भावजी म्हशीची खुशाली विचारायचे, विहिरीच्या पाण्याची विचारायचे, शेजाऱ्याच्या दुखऱ्या गुडघ्याचीसुद्धा विचारायचे. एका माणसाचं तेवढं नाव नसायचं. ते माणूस, म्हणजे माझी धाकटी जाऊ, स्वयंपाकघराच्या दाराआड चूल विझवून बसलेलं असायचं, आणि तिला सहावा महिना लागला होता. माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडंच व्हायचं होतं.

एकदा मला राहवलं नाही. पत्राच्या शेवटी मी माझ्याच पदरची एक ओळ वाचली, "धाकटीनं जड उचलू नये."

मामंजींनी मान वर केली. "हे कुठं लिहिलंय?"

"कडेला हाय, मामंजी."

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला. म्हणाले, "मग उद्यापासून पाण्याचा हंडा तू आण." घ्या! तीन महिने दुप्पट पाणी वाहिलं मी त्या एका ओळीपायी.

आणि मग ते चार पानी पत्र आलं. ओहोटीला खडकांमधल्या उथळ पाण्यात एक जनावर अडकून पडलं होतं. म्हशीएवढं धूड, पण पाय नाहीत, शिंगं नाहीत, शेपटी माशासारखी, तोंड मात्र गरीब गाईचं; समुद्रगाय म्हणतात म्हणे तिला. बाकीचे जवान लांबूनच बघत होते. आमचे भावजी पाण्यात उतरले, त्याच्या अंगावरून हात फिरवला, ओली पोती आणून पाठीवर टाकली आणि चिखलात रुतलेल्या म्हशीशी बोलावं तसं चक्क मराठीत बोलत बसले: "थांब बाई, धीर धर, पाणी येतंया." जेवणाची शिट्टी झाली, हे हलले नाहीत. शेवटी साहेब स्वतः आले आणि ओरडले, हा काय प्रकार आहे? भावजींनी पाण्यातूनच कडक सलाम ठोकला, "गाभण आहे, साहेब!"

दुपारी भरती आली. भावजींनी पोटाखालून दोर घालून चौघांना ओढायला लावलं. जनावर सुटलं, आणि जाता जाता शेपटीच्या एकाच फटक्यात साहेबांना टोपीपासून बुटापर्यंत भिजवून गेलं. शिक्षा म्हणून भावजींना दोन पोती बटाटे सोलायला लागले.

"ह्याला फौजेत बी गोठाच सापडला का?" सासूबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. मी शेवटची ओळ वाचली, आणि ही माझ्या पदरची नव्हती: "सगळे म्हणाले चल, पण अशा अवस्थेत तिला एकटीला सोडून यायचं मनाला पटलं नाय." सासूबाईंचा पदर डोळ्यांवरच राहिला. आत दाराआड बांगड्या वाजल्या. मामंजी एकदम उठून बैलांना वैरण टाकायला गेले. बैल तेव्हा शेतात होते.

श्रावणात धाकटीला मुलगी झाली. तार करावी असं मी म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "नको गं बाई, तार बघूनच पोराचं काळीज फाटंल." मग कार्ड लिहिलं. रीतीप्रमाणं आधी वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद, मग पाऊसपाणी, पिकं, म्हैस. एवढ्यात कार्ड भरलं. मुलीची बातमी पत्त्याच्या बाजूला, तिकिटाखाली दाटीवाटीनं बसवली.

महिन्याभरानं भर दुपारी भावजी दारात उभे! हातात ट्रंक, डोळे खोल गेलेले. चार दिवस बोटीत, मग मनमाडपर्यंत रेल्वे, वाटेत धड खाल्लेलं नाही. आईबापांच्या पाया पडले आणि उभ्या उभ्या विचारायला लागले.

"सगळे खुशाल?"

"खुशाल."

"म्हैस?"

"बरी हाय."

"विहिरीला पाणी?"

"हाय की रे!"

मग त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. मी म्हटलं, "भावजी, कार्ड मिळालं ना?" त्यांनी खिशातून काढून माझ्या हातात दिलं. पोस्टाचा काळा शिक्का नेमका माझ्या ओळीवर बसला होता. दिसत होतं एवढंच: "धाकटी", मग नुसती शाई, आणि शेवटी "काळजी करू नये." हा माणूस एवढा समुद्र ओलांडून, एवढंच वाचून आला होता, आणि आईबापांपुढं अजूनही विचारू शकत नव्हता.

मामंजींना काय कळलं कोण जाणे. ते गरजले, "अरे गाढवा, इथं कसल्या चौकशा करतोस? मुलगी झालीय तुला! दोघी बऱ्या हायेत. जा आत!"

भावजी ट्रंकेवरच मटकन बसले. मग उठले, बूट काढायचंही विसरून आत गेले. सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना, मामंजींसकट, शेंगा निवडायच्या म्हणून अंगणात पिटाळलं. शेंगा कालच निवडून झाल्या होत्या. आम्ही पुन्हा निवडल्या.

धाकटी देवाघरी जाऊन आता तीन वर्षं झाली. भावजी दर रविवारी शहरातल्या माझ्या घरी येतात, चहा बशीत ओततात आणि निवेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहतात. त्या दोघांमधलं एकूण एक अक्षर माझ्या हातून गेलं, काही अक्षरं तर माझीच होती. पण त्या दुपारी आत ते तिला काय म्हणाले, हे मला ठाऊक नाही. विचारलं तर सांगतीलही. मी आपली बशीत आणखी थोडा चहा ओतते.