जांभळा रंग

लॅबमध्ये तिला सगळे भिंतआक्का म्हणत. कोणी कितीही तणतणलं तरी तिच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. एकतीस वर्षं तिचं कामही भिंतींचंच होतं, फक्त जंतूंच्या. काचेवर जंतू पसरायचे, जांभळा रंग ओतायचा, वर आयोडीन घालायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत स्पिरिटनं धुवायचं. ज्यांच्या भिंतीत साखर आणि प्रथिनांची वीण जाड, ते जांभळा रंग धरून बसतात. ज्यांची वीण पातळ आणि वर चरबीचं अस्तर, त्यांचा रंग धुऊन जातो. मग त्यांना गुलाबी रंग द्यायचा.

त्या दुपारी सहाव्या आकड्याला बहिणीचा फोन आला. आक्कानं तो खांद्यात धरला.

"आईला अजून दोन महिने तूच ठेव. तुला काय, तू खंबीर आहेस."

"बरं," आक्का म्हणाली. फोन ठेवून पाहते तर स्पिरिटची धार चालूच.

डॉक्टरीणबाईंनी काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. "सगळे गुलाबी. पातळ भिंतीचे. तसं औषध लिहू?"

आक्कानं डोळा लावला. पडताळ्यासाठी काचेच्या कडेला तिनं ओळखीचे जाड भिंतीचे जंतू लावले होते. तेही गुलाबी.

"नका लिहू. पुन्हा करते. फार वेळ धुतलं की जाड भिंतही रंग सोडते."

तिनं ती काच बाजूला ठेवली. मग हातमोजे काढून तिनं बहिणीला फोन लावला.

"आईला रविवारी घेऊन जा," ती म्हणाली. "मला झेपत नाहीये."