धानावर ताणलेली टेप

परवा साकोलीत मुलीच्या मोबाइलवर एका इंग्रजी बँडची अगदी सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज वाजली. साठच्या दशकातली लंडनची पोरं, अमेरिकेतल्या काळ्या गायकांचे ब्लूज घशाला कोरड पडेपर्यंत गात होती. माउथऑर्गनचा तो भांडखोर सूर कानावर आला आणि माझे दात आवळले गेले.

कॉलेजात असताना ही गाणी मला एका मैत्रिणीने नागपुरातून कॅसेटवर भरून दिली होती. सानगडीच्या घरी मी खोलीचं दार लोटून ती ऐकत होते. माझा थोरला भाऊ आत आला.

"काय ऐकून राहिली?"

"इंग्रजी गाणी."

"दार कायले लावलं मंग?"

त्याने कॅसेट काढली, बोटाने सगळी टेप उपसली आणि तलावाखालच्या आमच्या शेतात, बांधीतल्या पिकलेल्या धानावर पाखरं हाकलायला ताणून बांधली. ती तपकिरी पट्टी उन्हात चमकत, वाऱ्यावर भुणभुणत राहिली. धान कापायला आलेल्या बाया हसल्या. मी बांधावर उभी होते.

तेव्हा वाटलं, त्याला ती गाणी आवडली नाहीत. आता कळतं, दाराआड माझं एकटीनं खूश असणं त्याला खुपलं होतं. हे कळल्यावर माझा राग वाढलाच.

काल त्याचा फोन आला, तेव्हा मी कॅसेटचं विचारलं.

"कोनती कॅसेट?" तो हसला. "मले नाही आठवत. भाऊबीजेले येऊ ना?"

"नको येऊ," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.