सगळीकडे एकच झाड

माझा मामा कलमं बांधतो. लोक त्याला झाडांचा व्याही म्हणतात, कारण एकदा कलम दिलं की त्या घरी त्याचं येणंजाणं सुरू होतं. पाणी वेळेवर मिळतं का, फांदीला कुणी तार तर गुंडाळली नाही ना, सगळी चौकशी. चहा पितो आणि निघताना यजमानालाच चार शब्द सुनावतो. मामी म्हणते, "घरातला नळ कधीचा गळतोय, तो दिसत नाही. लोकांच्या झाडाचं पान गळलं की लगेच पायात चपला."

त्याच्या मागच्या अंगणात, मोरीच्या सांडपाण्यावर, नासपतीचं एक झाड आपोआप उगवलं होतं. साल पातळ, आणि दात लावला की रस कोपरापर्यंत. मामाने त्या झाडाचा ध्यासच घेतला. कुणीही कलम मागो, काडी याच झाडाची. ती कापायची, रानटी नासपतीच्या रोपावर बसवायची आणि घट्ट पट्टी बांधायची. "चांगलं सोडून दुसरं कशाला द्यायचं?" असं तो विचारायचा, आणि यावर कोण काय बोलणार? त्याची मुलगी, म्हणजे माझी ताई, सासरी निघाली तेव्हा तिच्या बॅगांच्या आधी कलमाची कुंडी गाडीत चढली होती. कुंडीला धक्का लागू नये म्हणून नवरदेव सगळा रस्ता पाय आखडून बसला. ताई अजून ते सांगून हसते.

मग काळे ठिपके आले. आधी कोवळ्या पानांवर, मग छोट्या फळांवर. फळं तडकून पडायला लागली. एका अंगणात, शेजारच्या अंगणात, बघता बघता गावातल्या मामाच्या सगळ्या व्याह्यांकडे. गंमत म्हणजे, गंमत कसली, कपाळ, त्याच कुंपणांना टेकलेली आंबट नासपतीची झाडं ठणठणीत होती. ज्यांच्या फळांना कुणी विचारत नाही ती.

मी पिकांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मामा पानं घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसला. त्याने आधी दिलेल्या पानांच्या ठिपक्यांतली बुरशी मी बाटलीत वाढवली होती. ती ज्यात वाढली ते पाणी बारीक गाळणीतून काढलं आणि त्याला दाखवलं.

"यात बुरशी नाही. तिने सोडलेलं विष तेवढं आहे."

"दिसतंय तर साधं पाणी."

काचेच्या बशीत ओला कागद घालून मी त्यावर त्याच्या झाडाचं एक कोवळं पान ठेवलं आणि शेजारी आंबट झाडाचं. दोन्हींवर एकेक थेंब सोडला आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी मामा माझ्याआधी दारात हजर. त्याच्या पानावर थेंबाखालची जागा काळी पडली होती आणि शिरांच्या कडेने काळेपणा पुढे सरकला होता. आंबट पान हिरवंगार.

"याला काहीच नाही?"

"नाही. त्या विषाला चिकटून बसायला पानात एक जागा लागते. तुझ्या झाडात ती आहे, याच्यात नाही. तुझं पान आधी विषाने मरतं, मग मेलेल्या जागेतून बुरशी आत शिरते."

"म्हणजे माझ्याच झाडाने दार उघडं ठेवलंय."

"झाडाने काही केलेलं नाही, मामा. ते जन्मालाच तसं आलंय."

पण तो ऐकेल तर शपथ. त्याचं म्हणणं, प्रत्येक कलमाखाली मूळ वेगळं, माती वेगळी, मग एखादं तरी तगेल. घरोघरून तो पानं आणत राहिला आणि मी थेंब सोडत राहिले. सगळी काळी. शेवटी मी वैतागून म्हणाले, "मूळ खाली राहतं, मामा. वरची काडी एकाच झाडाची ना? मग ही निरनिराळी झाडं नाहीतच. एकच झाड सगळीकडे उभं आहे!"

पिशवीची घडी घालत तो म्हणाला, "एक राहिलंय."

ताईचं. ती डोंगरापलीकडे राहते, तिकडे रोग पोचला नव्हता. मामाने सहज म्हणून तिच्याकडून कोवळी पानं मागवली. ती इतकी तजेलदार होती की थेंब सोडायला माझं मन धजत नव्हतं. तीही काळी पडली.

"पण झाडाला अजून रोग नाही," तो म्हणाला.

"नाही. पोचला तर मात्र ते वाचणार नाही."

"पोचतो कसा?"

"वाऱ्याने, पावसाच्या शिंतोड्यांनी. हत्यारांवरून, कपड्यांवरून."

"कपड्यांवरून?"

"जाऊ शकतो," मी म्हणाले.

त्या दिवसापासून मामाने ताईकडे जाणं बंद केलं. अंगणातली गळलेली पानं जाळायची, फवारणी करायची, पाऊस पडला की पुन्हा पहिल्यापासून, एवढंच करत राहिला. ताईचा फोन आला की म्हणायचा, गुडघा दुखतोय. मामी भडकायची, "गुडघा म्हणे! काल छपरावर चढून पन्हळ साफ करत होता!" ताईला खरं सांगायचं नाही, अशी त्याने आम्हाला तंबी दिली होती. "कळून ती बिचारी काय करणार? उगाच जिवाला घोर."

ताईने एकदा मला विचारलं, "बाबा रुसलेत का गं? आमच्याकडच्यांचं काही चुकलं का?" मी काहीतरी थाप मारली आणि फोन ठेवून रडले. मामावर रागही आला. तडक त्याच्याकडे गेले.

"वारा वाहतोच आहे ना? मग तू घरी बसून काय होणार आहे?"

"वारा माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "मी आहे."



फळांच्या दिवसांत ताई स्वतःच आली. मीही तिथेच होते. तिने नासपतींची पिशवी मामीच्या हातात दिली आणि कमरेवर हात ठेवून बापासमोर उभी राहिली.

"चांगले धडधाकट दिसताय की! मग आला का नाहीत?"

मामा नुसता हसला. किती दिवसांनी त्याला असं हसताना बघत होते. ताई त्याच्याजवळ टेकली आणि तिने पर्समधून रुमालाची घडी काढली.

"बरं, हे बघा. नव्या फुटीवर आलंय. काय आहे हे?"

रुमालात एक कोवळं पान होतं, त्यावर काळा ठिपका. मामाने ते उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. मामीने गॅस बंद केला. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"औषध असेल ना, बाबा?"

मामाने पान सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"गुडघा बरा झालाय आता," तो म्हणाला. "उद्या तुझ्याबरोबरच येतो."